डाव्या बाजूचा दात

"पंखा बंद कर आधी," शकूमावशी दारातूनच म्हणाली.

एप्रिल महिना होता. सांगलीत एप्रिलमध्ये पंखा बंद करायला सांगणारा पाहुणा मी त्याआधी पाहिला नव्हता. मी बटण दाबलं. मावशी आत आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि डाव्या गालावरून ओढून घेतलेला पदर तिने तसाच धरून ठेवला. तिच्यामागून तिची सून वृंदा आली. हातात पिशवी, कपाळावर घाम, पाचवा महिना. तिने थांबत आलेल्या पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दाराजवळच्या स्टुलावर टेकली.

"हेमे, आज हा दात काढूनच मी विट्याला परत जाणार," मावशी म्हणाली.

"कुठला दात?"

"हा बघ." तिने बोट डाव्या गालाकडे नेलं. गालाला लागायच्या आत ते थांबलं. "न्हाईतर त्याच्या शेजारचा. दोन्ही काढले तरी चालतील."

"आधीच दोन काढलेत ना त्या बाजूचे?"

"काढले की. पहिला काढला, दोन महिने कशी सुखात होते. मग परत सुरू. दुसरा काढला, परत दोन महिने बरी. म्हणजे दुखणं दातातच हाय की न्हाई? आणि आता आमचे विट्याचे डॉक्टर हात लावायला तयार न्हाईत. म्हणतात, मोठ्या ठिकाणी दाखवा. आता मोठं ठिकाण म्हणजे आमच्यात तूच."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. दातांशी माझा संबंध रोज सकाळी ब्रश करण्यापुरता. पण आमच्या नात्यागोत्यात सायन्स शिकलेली पहिली मुलगी मी, त्यामुळे कुकरची शिट्टी होत नाही इथपासून कोणाचं ऑपरेशन करावं की नाही इथपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडे यायचे. मावशी आली त्या एप्रिलला आता वीसेक वर्षं झाली.

"जेवण तरी नीट होतंय का?" मी विचारलं.

"आत्या दूधभात तेवढा खातात," वृंदा म्हणाली. "तोही उजव्या बाजूनं."

"चावता येत न्हाई म्हणून खाते," मावशी माझ्याकडे बघत म्हणाली. "कोणाच्या हातची भाकरी आवडत न्हाई म्हणून न्हवे."

"मी कुठं काय म्हटलं?" वृंदाही माझ्याकडेच बघत म्हणाली.

दोघी एका घरात राहत होत्या आणि एकमेकींशी माझ्यातर्फे बोलत होत्या.

शहराबाहेरच्या डेंटल कॉलेजात जायचं ठरलं. तिथल्या शस्त्रक्रिया विभागात डॉ. मुजावर होते. त्यांची बहीण माझी विद्यार्थिनी. मी त्यांना फोन केला आणि ते म्हणाले, घेऊन या. रिक्षात वृंदा आधी चढली आणि पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. मी मधे, मावशी अलीकडे, डाव्या हाताला. रिक्षाने पूल ओलांडल्यावर वारा आत आला. मावशी तिच्या भावजयीच्या आंब्याच्या लोणच्याबद्दल सांगत होती. अर्ध्या वाक्यात तिचा आवाज बंद झाला. डोळे घट्ट मिटले, खांदा वर आला, हात गालापाशी येऊन हवेतच थरथरत राहिला. मी काही विचारायच्या आत ते संपलं. तिने श्वास सोडला आणि पदर आणखी ओढला.

"बघितलंस?" ती हळू म्हणाली.

वृंदा बाहेर उसाच्या गुऱ्हाळांकडे बघत होती.

कॉलेजच्या दारात लांब रांग होती. नवीन पेशंट तिथे पहिल्या खोलीत बसायचे, तिथून त्यांना कुठल्या विभागात जायचं ते सांगायचे. आमची ओळख होती, त्यामुळे आम्ही रांगेच्या बाजूने सरळ जिन्याकडे गेलो. भिंतीवर विभागांची पाटी होती. मावशीने सवयीने ती वाचायला लावली. मी वाचत गेले. दात काढणारे आणि जबड्याची शस्त्रक्रिया करणारे, दाताच्या आतल्या नसेचे, हिरड्यांचे, वाकडे दात सरळ करणारे, कवळ्या आणि टोप्या बसवणारे, लहान मुलांचे, तोंडातल्या गाठींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे.

"अजून आहेत," मी म्हटलं. "सगळे मिळून नऊ."

"दात बत्तीस आणि त्यांना डॉक्टर नऊ तऱ्हेचे?" मावशी म्हणाली. "आमच्या विट्यात एकच आहे. तोच काढतो, तोच बसवतो, तोच लेकराला गोळी देतो."

"आपल्याला काढणाऱ्यांकडे जायचंय," मी म्हटलं.

डॉ. मुजावर मावशीशी फार आदराने बोलले. त्यांनी एक्स-रे काढून घेतला आणि तो उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला.

"मावशी, दात काढणं माझं काम आहे. दोन मिनिटांत काढीन. पण कुठला?"

"हा. न्हाईतर शेजारचा."

"एकदा ठरवा."

"ते तुम्ही ठरवायचं. शिकलाय कशाला एवढं?"

ते हसले. "त्यासाठीच शिकलो. कुठला ते कळल्याशिवाय काढायचा नाही, हेच पहिलं शिकवतात. एक्स-रेत मला वाईट काही दिसत नाही. आत नसेचं काही असेल तर ते रूट कॅनॉलवाल्यांना कळेल. मॅडम, शेजारच्याच विभागात दाखवून या."

रूट कॅनॉलच्या विभागात एक तरुण डॉक्टर होती. तिने बर्फासारखा गार कापूस आधी उजव्या बाजूच्या दाताला लावायचा ठरवला, म्हणजे चांगला दात कसा वागतो ते कळेल. ही पद्धत मला आवडली. आम्हीही प्रयोगशाळेत आधी माहीत असलेल्या द्रावणावर चाचणी घेतो.

"गार लागलं?"

"लागलं. गेलं."

मग डावीकडे. तिने आरशाच्या काठाने मावशीचा वरचा ओठ अलगद बाजूला केला आणि मावशी खुर्चीत ताठ झाली. पुन्हा तेच. मिटलेले डोळे, वर आलेला खांदा. पाण्याचा पेला कलंडला. डॉक्टर दोन्ही हात मागे घेऊन उभी राहिली. मावशी शांत झाल्यावर तिने विचारलं, "दुखलं?"

"दुखलं का म्हणून काय विचारतेस बाई! त्या दातातून कळ आली पार डोक्यापर्यंत!"

"पण आजी, मी दाताला अजून हात लावलाच नाही. फक्त ओठ बाजूला केला."

थोड्या वेळाने मावशीने स्वतःच ओठ वर धरला. डॉक्टरने दोन्ही दातांना गार कापूस लावला. गार लागलं, गेलं. उजव्या बाजूसारखंच.

"हे दात ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाली. "यांना रूट कॅनॉलही नको."

"म्हणजे मी खोटं बोलते होय?"

"नाही हो आजी. दुखतंय हे मी बघितलं ना. पण हे दुखणं माझ्या विभागातलं नाही. हिरड्यांचं बघून घ्या."

हिरड्यांच्या विभागात मावशीला आत बसवलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. वृंदाने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मला दिली, मग स्वतः प्यायली.

"ताई, एक विचारू? तुम्ही होता ना आमच्या लग्नात?"

"होते की."

"विहिणींची भेट झाली तेव्हा मांडवात होता?"

मी तेव्हा पंगतीची व्यवस्था बघत होते. पण काय घडलं ते सगळ्यांना माहीत होतं. वृंदाच्या आईने मावशीसाठी चापाची नथ केली होती. सगळ्यांसमोर ती आपल्या हाताने मावशीच्या नाकाला लावायला गेली. मावशीने तिचा हात झटकला, नथ घेतली आणि डबीत परत ठेवली. पुढे पूर्ण लग्नात ती बिननथीची वावरली.

"आईनं स्वतःच्या पाटल्या मोडून केली होती ती," वृंदा म्हणाली. "आत्यांच्या घरी तीन पिढ्या गलाईचा धंदा. मामंजींचं सगळं आयुष्य कोइमतूरला जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्यात गेलं. अशा घरातल्या बाईनं नथ हातात घेतली आणि डबीत परत ठेवली. मांडवात लोक काय म्हणाले असतील?"

"काय म्हणाले?"

"सोन्यात खोट दिसली म्हणाले. माझी मामीच म्हणाली. आईनं त्यानंतर विट्याच्या घरात पाय ठेवलेला नाही. दोन वर्षं झाली. आता माझं डोहाळजेवण येईल. ती म्हणते, ओटी मी इथनंच पाठवीन, त्या उंबऱ्यात येणार नाही." तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "आत्यांनी एकदा सांगावं नथीत काय वाईट होतं. दोन वर्षं मी वाट बघतेय. विचारलं तर म्हणतात, तो विषय काढू नकोस."

मी बाटली तिच्या हातून घेऊन पिशवीत ठेवली.

आतून हिरड्यांचे डॉक्टर आले. वयस्क, बारीक आवाजाचे. "पेशंट तुमच्या कोण?"

"मावशी."

"उजव्या हातानं काम करतात ना? ब्रश उजव्याच हातानं?"

"हो."

"उजव्या हातानं घासणाऱ्या माणसाची डावी बाजू बहुधा जास्त स्वच्छ असते, हात तिकडे सहज जातो. यांचं उलट आहे. उजवीकडचे दात लखलखीत आणि डाव्या बाजूला वर कित्येक महिन्यांत ब्रश गेलेलाच नाही. हिरड्या थोड्या सुजल्यात, पण त्यानं अशी कळ येत नाही." त्यांनी चष्मा काढला. "त्या बाजूला यांना काही म्हणजे काहीच लावून घ्यायचं नाहीये. खाली पहिल्या खोलीत काय म्हणाले?"

"तिथे गेलो नाही. सरळ शस्त्रक्रियेकडे गेलो. डॉ. मुजावर ओळखीचे आहेत."

त्यांनी चष्मा परत लावला. "सगळे ओळखीनंच वर येतात," ते म्हणाले. "आता खाली जा. डॉ. उपाध्ये बाईंना भेटा. कुठल्या विभागाचं दुखणं ते ओळखणं हाच त्यांचा विभाग."

मी पहिल्या वर्षाच्या मुलांना क्षार ओळखायला शिकवायचे तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. आधी गट ठरवा, मग धातू शोधा. उतावीळ मुलं रंग बघून थेट शेवटची चाचणी करायची. जिना उतरताना ते मला आठवलं.

डॉ. उपाध्ये पन्नाशीच्या होत्या. आम्ही आत गेलो तेव्हा त्यांनी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पदराकडे पाहिलं. मग उठल्या आणि स्वतः पंखा बंद केला. मावशीने सकाळपासून पहिल्यांदा पदर गालावरून खाली घेतला. तेव्हा मलाही दिसलं. उजव्या गालावर पावडर होती, डाव्या गालावर नव्हती. डाव्या नाकपुडीच्या कडेला धूळ होती.

"तोंड कसं धुता?" डॉ. उपाध्येंनी विचारलं.

"उजवीकडं पाणी मारते. डावीकडं न्हाई."

"कळ किती वेळ राहते?"

"वीज चमकावी तशी. आली आणि गेली. पण परत येते. बोलताना येते, घास घेताना येते, वाऱ्यानं येते."

"झोपेत?"

मावशीने विचार केला. "झोपेत न्हाई. नवल आहे खरं."

"सगळ्यात पहिल्यांदा कधी आली होती? दात दुखायच्याही आधी. आठवून सांगा."

मावशीने पदर मांडीवर सरळ केला. तिने वृंदाकडे पाहिलं नाही, पण वृंदा कुठे उभी आहे हे तिला ठाऊक असावं असं तिच्या बसण्यावरून वाटलं.

"हेमे, हिला जरा बाहेर ने."

"मी इथंच थांबणार," वृंदा म्हणाली.

डॉ. उपाध्येंनी पेन खाली ठेवलं.

"पोराच्या लग्नात," मावशी शेवटी म्हणाली. "विहीणबाई मला नथ लावत होत्या. चाप नाकाला लागला मात्र, कुणी तरी विजेची तार टेकवली असं झालं. माझा हात आपोआप गेला. त्यांचा हात ढकलला. मग परत लावायची छातीच झाली न्हाई, डबीत ठेवून दिली."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? मांडवात? नवी पोर घरात येतेय, अजून उंबरा ओलांडला न्हाई, आणि सासूच्या नाकात वीज शिरली म्हणून सांगू? आमच्याकडच्या बायका काय सोडतात होय? पांढऱ्या पायाची म्हणून त्याच दिवशी नाव पडलं असतं. जन्मभर पुसलं नसतं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यापरीस सासू गर्विष्ठ हाय म्हणू देत. मला काय, मी म्हातारी."

खोलीत पंखा बंद होता, त्यामुळे बाहेरच्या रांगेतला एका मुलाचा रडण्याचा आवाज स्पष्ट येत होता. वृंदा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातातली पिशवी खाली गेली आणि तिला ते कळलं नाही.

डॉ. उपाध्येंनी कापसाचा बारीक धागा केला. "एकदाच करणार. सांगून करते." त्यांनी तो डाव्या नाकपुडीच्या कडेला लावला. मावशीचा खांदा वर आला. डॉ. उपाध्येंनी मान हलवली आणि धागा टाकून दिला.

"दातात काही नाही. हिरडीत नाही, नाकात नाही," त्या म्हणाल्या. "चेहऱ्याला संवेदना देणारी एक मोठी नस कवटीच्या आतून येते. तिच्या फांद्या गालाला जातात, नाकपुडीला, वरच्या ओठाला आणि वरच्या दातांना. बिघाड त्या नसेत आहे. घरातला दिवा लुकलुकतोय आणि बिघाड बाहेर खांबावरच्या तारेत आहे. तुम्ही इतके दिवस बल्ब बदलत होता."

"पण दात काढल्यावर दोन महिने बरं वाटायचं की."

"हे दुखणं स्वतःहूनच मधे मधे थांबतं. तेव्हाच दात काढलेला असला की दाताला श्रेय मिळतं."

मी दोन वेळा हे वाक्य मनात म्हटलं. वर्गात मी हेच वेगळ्या शब्दांत सांगायचे.

त्यांनी गोळी लिहून दिली. आधी अगदी थोडी, मग रक्त तपासून हळूहळू वाढवायची. सुरुवातीला चक्कर येईल, अंगावर पुरळ उठलं तर लगेच कळवायचं. मेंदूचा स्कॅन करून मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं, नसेवर कशाचा दाब नाही ना ते बघायला.

"आणि दात?" मावशीने विचारलं.

"राहू दे. भाकरी खायला लागेल."

"म्हणजे दातांच्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात येऊन दात न काढताच परत जायचं?" मावशीचा विश्वास बसत नव्हता. "विट्यात विचारतील तर काय सांगू?"

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि नदीकडून वारा सुटला होता. रिक्षा थांबली. मी मावशीला आधी चढायला सांगणार होते. वृंदाने माझा हात धरून मला आधी आत पाठवलं, माझ्यामागून मावशीला मधे बसवलं आणि स्वतः डाव्या बाजूला, वाऱ्याच्या अंगाला बसली. पोट सांभाळत तिने पदर सोडला, एक टोक डोक्यावर घेतलं आणि दुसरं रिक्षाच्या वरच्या दांडीला धरून कनातीसारखं उभं केलं. पूल येईपर्यंत तिने हात खाली घेतला नाही.

"हात दुखल तुझा," मावशी म्हणाली. थेट तिला.

"दुखू दे," वृंदा म्हणाली.

पुढच्या रविवारी वृंदा एकटीच माहेरी, तासगावला जाऊन आली. आईशी काय बोलली ते तिने मला कधी सांगितलं नाही.

स्कॅनमध्ये काळजीचं काही निघालं नाही. गोळीने आधी मावशीला नुसती झोप येत होती, मग कळा विरळ झाल्या. फोनवर तिने एकदा सांगितलं, "आज भडंग खाल्लं. दोन्ही बाजूंनी." पण नाकाला अजून ती हात लावत नव्हती. भीती कळेपेक्षा उशिरा जाते.

डोहाळजेवणाला मी विट्याला गेले. दुपारी बायका जमल्या. वृंदा हिरव्या साडीत पाटावर बसली होती. तिची आई आली तेव्हा बायकांचं बोलणं एकदम कमी झालं. ती उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली, ओटीचं ताट दोन्ही हातांत धरून, बस म्हणायची वाट बघत.

मावशी आतल्या खोलीतून आली. तिच्या दोन्ही गालांवर पावडर होती. नाकात नथ होती आणि ती किंचित खाली झुकली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती फार सावकाश चालत होती, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी.

"विहीणबाई," ती बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "सोनं चोख आहे हो तुमचं. आमच्या ह्यांनी त्याच दिवशी बघून सांगितलं होतं. चाप तेवढा सैल हाय. तासगावच्या सोनारांना चाप जमत न्हाई."

कोणी तरी हसलं. वृंदाच्या आईने ताट खाली ठेवलं. ती पुढे आली. तिचा हात मावशीच्या नाकापर्यंत गेला आणि मधेच थांबला. वृंदा पाटावरून अर्धी उठली होती.

मावशीने चेहरा पुढे केला.

"दाबा की," ती म्हणाली. "पडेल न्हाईतर."